मिक्सरसारखे दिसणारे, पण आवाज न वाहणारे यंत्र: कंट्रोल सरफेस म्हणजे नेमके काय?

चवथीच्या आधीचे दोन महिने गोव्यातल्या फोंडा परिसरात ज्याच्याकडे बरा मायक्रोफोन आणि बरा संगणक आहे, त्याच्याकडे घुमट-आरतीच्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने आरत्या गाणाऱ्या मंडळांची ये-जा सुरू होते. आमच्या एका खोलीच्या स्टुडिओत गेल्या वर्षी असेच एक मंडळ आले होते. ध्वनिमुद्रण संपल्यावर सगळे ऐकायला बसले, मी प्लेचे बटण दाबले, आणि टेबलावरच्या यंत्राच्या सरकपट्ट्या कोणी हात न लावता आपोआप वर-खाली होऊ लागल्या. मंडळातले सर्वांत ज्येष्ठ, शामेळ हे चर्मवाद्य वाजवणारे काका आरती ऐकायची सोडून त्या पट्ट्यांकडेच पाहत राहिले. मग त्यांनी यंत्राची मागची बाजू वाकून तपासली आणि दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा की, या मिक्सरला माइक लावायचे भोक कुठे आहे? आणि दुसरा, या पट्ट्या आतून ओढतो तरी कोण?

कंट्रोल सरफेस नावाचे हे यंत्र पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हेच दोन प्रश्न येतात. घरगुती स्टुडिओंचे व्हिडिओ पाहून ते विकत घेणाऱ्या अनेकांनाही त्यांची उत्तरे ठाऊक नसतात, आणि मग खोके उघडल्यावर निराशा पदरी येते.

शिट्टी कंडक्टरची, इंजिन बसचे

आधी ध्वनिमुद्रणाची वाट समजून घेऊ. गायकाचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, तिथून तारेने ऑडिओ इंटरफेस नावाच्या पेटीत जातो, तिथे त्याचे आकड्यांत रूपांतर होते आणि ते आकडे संगणकातल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये साठवले जातात. प्रत्येक गायकाचा किंवा वाद्याचा आवाज वेगळ्या ओळीवर साठतो. त्या ओळीला ट्रॅक म्हणतात. पुढे कोणाचा आवाज किती ठेवायचा, कोणाला डावीकडे आणि कोणाला उजवीकडे बसवायचे, ही सगळी मिसळण सॉफ्टवेअरच्या आत आकडेमोडीने होते आणि तयार झालेला आवाज त्याच इंटरफेसमधून स्पीकरकडे परततो.

या संपूर्ण वाटेवर कंट्रोल सरफेस कुठेच नाही. ते वेगळ्या यूएसबी तारेने संगणकाला जोडलेले असते आणि त्या तारेतून आवाजाचा एक कणही जात नाही. जातात त्या फक्त सूचना: तिसऱ्या ट्रॅकची पातळी एवढी करा, पाचवा ट्रॅक बंद करा, मुद्रण सुरू करा. गोव्यातल्या खासगी बसमधून प्रवास केलेल्या माणसाला हे लगेच कळावे. कंडक्टर शिट्टी वाजवतो तेव्हा बस थांबते आणि पुन्हा वाजवतो तेव्हा निघते, पण त्या शिट्टीत इंजिनही नसते आणि डिझेलही नसते. कंट्रोल सरफेस ही कंडक्टरची शिट्टी आहे, आणि बस म्हणजे सॉफ्टवेअर.

काकांना पटावे म्हणून मी आरती चालू असताना यंत्राची तार सरळ उपटली. पट्ट्या जागच्या जागी थिजल्या, आरती मात्र एका क्षणासाठीही अडखळली नाही. खरा मिक्सर असता तर खोलीत शांतता पसरली असती. माइक लावायला भोक नसण्याचे कारण एवढेच आहे. काही यंत्रांत इंटरफेस आणि कंट्रोल सरफेस एकाच पेटीत बसवलेले असतात, आणि कार्यक्रमांत वापरले जाणारे काही डिजिटल मिक्सर बटण दाबताच कंट्रोल सरफेसची भूमिका घेतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. परंतु पेटी एक असली तरी कामे दोन आहेत, हे लक्षात ठेवले की पुरे.

माउस असताना हे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. कंट्रोल सरफेसने होणारे असे एकही काम नाही, जे माउसने होत नाही. असंख्य उत्तम गाणी केवळ माउसने मिसळली गेली आहेत आणि पुढेही जातील.

अडचण अशी की माउसचा बाण एकच असतो. घुमट-आरतीत एक क्षण हमखास येतो: ध्रुवपद संपते, मुख्य गायक श्वास घेतो, समूहाचा आवाज उसळतो आणि त्याच वेळी कासाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा झणत्कार सगळ्यांवर कुरघोडी करतो. तिथे कासाळे खाली आणायचे असतात आणि त्याच दमात घुमटाचा खर्ज थोडा वर उचलायचा असतो. माउसने हे दोन फेऱ्यांत करावे लागते. आधी एक, मग मागे जाऊन दुसरे. दोन बोटे दोन पट्ट्यांवर असली की ते एकाच फेरीत होते, आणि महत्त्वाचे म्हणजे दोन्ही हालचाली एकमेकींकडे पाहून होतात, जसा डग्गा आणि तबला यांचा तोल एकाच वेळी दोन हातांनी साधला जातो तसा.

दुसरे कारण मला त्याहून मोलाचे वाटते. माउस वापरताना डोळे पडद्यावर खिळलेले असतात, आणि डोळे उघडे असले की कान थोडे झोपतात. पडद्यावर कासाळ्यांची लाट मोठी दिसते म्हणून आपण ती कमी करतो, ती खरोखर खुपते आहे की नाही हे ऐकतच नाही. पट्टी बोटाखाली असली की डोळे मिटता येतात. मी मिसळणीची शेवटची फेरी पडदा बंद करूनच करतो आणि त्या फेरीत आधीचे निदान तीन-चार निर्णय बदलले जातात.

तिसरे कारण एकट्याने काम करणाऱ्यांचे आहे. स्वतःच गायचे आणि स्वतःच मुद्रण करायचे असेल, तर हार्मोनियमवरून उठून संगणकाकडे धावत जाण्यापेक्षा हाताशी असलेले मुद्रणाचे ठसठशीत बटण फार सोयीचे पडते. काही यंत्रांना पायाने दाबायचा स्विचही जोडता येतो.

पट्टी आपोआप का सरकते?

आता काकांचा दुसरा प्रश्न. या सरकपट्टीला फेडर म्हणतात. साध्या मिक्सरचा फेडर म्हणजे हाताने सरकवायची पट्टी आणि तिच्याखाली विजेला कमी-जास्त अडवणारा एक रोध, एवढेच. मोटर असलेल्या फेडरमध्ये पट्टीला एक बारीक पट्टा जोडलेला असतो आणि तो पट्टा एक छोटी मोटर ओढते. सॉफ्टवेअर यंत्राला कळवते की या ट्रॅकची पातळी आता इतकी आहे, आणि मोटर पट्टी तिथे नेऊन ठेवते. म्हणजे सूचना दोन्ही दिशांनी जातात: हात हलला की सॉफ्टवेअरला कळते आणि सॉफ्टवेअरमध्ये काही बदलले की पट्टीला कळते.

ही कल्पना घरोघरी संगणक पोहोचण्याच्याही आधीची आहे. इंग्लंडच्या नीव्ह कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या महाकाय मिक्सरमध्ये हालचाल लक्षात ठेवून आपोआप सरकणाऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या. तेव्हा ते काम खोलीभर पसरलेल्या आणि बंगल्याच्या भावात मिळणाऱ्या यंत्राचे होते. आज ते टेबलाच्या कोपऱ्यावर मावते.

पण मग मोटर आणि माणूस एकाच वेळी पट्टी ओढू लागले तर जिंकणार कोण? त्यासाठी फेडरच्या टोपीला स्पर्श ओळखण्याची सोय असते. मोबाइलच्या पडद्याला जसे बोट कळते, तसेच या टोपीला कळते, आणि बोट लागताच मोटर ढिली पडते. इथे एक गंमत आहे. तीच पट्टी नखाने किंवा पेन्सिलीच्या टोकाने ढकलून पाहावी: स्पर्श न कळल्यामुळे मोटर हट्टाने तिला मागे ओढते. नवीन यंत्र बिघडलेले आहे अशी तक्रार करण्यापूर्वी एवढी एक चाचणी जरूर करावी.

मोटर हा केवळ नखरा नाही, याचे कारण पट्ट्यांच्या संख्येत आहे. बहुतेक यंत्रांवर आठ ट्रॅकसाठी आठ आणि एकूण पातळीसाठी नववी, अशा नऊ पट्ट्या असतात. आमच्या आरतीचे ट्रॅक चोवीस होते. अशा वेळी ट्रॅक पंगतीने बसतात: पहिल्या पंगतीत १ ते ८, बटण दाबले की दुसऱ्या पंगतीत ९ ते १६, पुन्हा दाबले की १७ ते २४. पाने तीच, जेवणारे बदलतात. पंगत बदलताच मोटरा आठही पट्ट्या नव्या आठ ट्रॅकच्या खऱ्या पातळीवर नेऊन ठेवतात. प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर छोट्या पडद्यात ट्रॅकचे नाव येते, पण तिथे जेमतेम सहा-सात अक्षरांची जागा असते आणि बहुतेक यंत्रांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून रोमन लिपीत आखूड नावे ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

मोटर नसलेले स्वस्त खोके घेतले तर?

घ्यावे, परंतु एक गोष्ट जाणून. मोटर नसलेल्या यंत्रात दुसरी पंगत बसली तरी पट्ट्या पहिल्या पंगतीच्याच जागी राहतात. यंत्रावरची पट्टी तळाला आहे आणि सॉफ्टवेअरमधला आवाज वर आहे, अशा स्थितीत पट्टीला हात लावला तर काय व्हावे? एक पर्याय असा की आवाज एकदम पट्टीच्या जागी उडी मारतो, म्हणजे आरतीच्या मध्येच गायक गायब होतो. दुसरा शहाणा पर्याय पिकअप नावाने ओळखला जातो: पट्टी सरकत सरकत आवाजाच्या खऱ्या पातळीपाशी पोहोचेपर्यंत काहीच होत नाही आणि तिथे पोहोचल्यावर ती पातळी पट्टीच्या हाती येते. सायकलवर चालत्या बसचा दांडा धरण्यासारखेच हे आहे. आधी वेग जुळवायचा, मग पकडायचे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असेल तर तोच निवडावा.

माझे मत विचाराल, तर घरगुती स्टुडिओसाठी मोटर नसलेल्या आठ पट्ट्यांपेक्षा मोटर असलेली एकच पट्टी अधिक कामाची आहे. निवडलेला ट्रॅक त्या एका पट्टीवर येतो आणि खरे सांगायचे तर आपण बहुतेक वेळ एका वेळी एकाच ट्रॅकवर काम करत असतो. कासाळे आणि घुमट एकत्र हलवण्याचा प्रसंग येतो, पण रोज येत नाही.

हे यंत्र कोणती भाषा बोलते?

भाषेचे नाव मिडी. इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९८३ मध्ये ती प्रचारात आली, आणि तिच्यात आवाज नसून फक्त घटना असतात: कीबोर्डवरची अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने दाबली, सोडली. मूळ मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे तीन बाइटांची एक सूचना पोहोचायला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. वाद्यांसाठी बनलेली हीच भाषा पुढे पट्ट्या आणि बटणांसाठी वापरली गेली. त्यासाठी कोणत्या सुराचा कोणता अर्थ लावायचा, याचे संकेत मात्र कंपन्यांना ठरवावे लागले.

असे दोन संकेत आजही चालतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅकी आणि डिजिडिझाइन या कंपन्यांनी प्रो टूल्स या सॉफ्टवेअरसाठी एचयूआय नावाचा संकेत आणला. नंतर मॅकीनेच इमॅजिक कंपनीबरोबर लॉजिक या सॉफ्टवेअरसाठी दुसरा संकेत केला, तो पुढे मॅकी कंट्रोल नावाने सर्वत्र पसरला. आज क्यूबेस, लॉजिक, रीपर, एबलटन लाइव्ह, आणि मुक्त सॉफ्टवेअरपैकी आर्डर, या सर्वांना मॅकी कंट्रोल समजतो. प्रो टूल्सला मात्र एचयूआयच लागतो, किंवा युकॉन हा युफोनिक्स कंपनीचा वेगळा संकेत, जो २०१० मध्ये प्रो टूल्स बनवणाऱ्या अॅविडने ती कंपनी घेतल्यावर अॅविडचा झाला. म्हणूनच यंत्राच्या खोक्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव असले तरी आत मॅकीची बोली सापडते. त्यात आश्चर्य काही नाही. म्हापशाच्या बाजारात वेगवेगळ्या गावांहून आलेले विक्रेते जसे एका सामाईक बोलीत भाव सांगतात, तसेच हे आहे.

संगीताच्या जाणकारांना यातला एक तपशील आवडेल. मॅकी कंट्रोलमध्ये प्रत्येक बटण म्हणजे एक सूर असतो. थांबण्याचे बटण ९३ क्रमांकाचा सूर पाठवते, प्लेचे ९४ आणि मुद्रणाचे ९५. पांढरी एकमध्ये षड्ज धरला तर हे अनुक्रमे शुद्ध धैवत, कोमल निषाद आणि शुद्ध निषाद होतात. ज्याला आपण बटण दाबणे म्हणतो, ते यंत्राच्या दृष्टीने फार वरच्या सप्तकातले गाणे असते, फक्त ते कोणाला ऐकू जाऊ नये अशी अपेक्षा असते.

पट्टीसाठी साधा सूर पुरत नाही, कारण तिला बारीक पायऱ्या हव्यात. पंख्याच्या पाच टप्प्यांच्या रेग्युलेटरने मनाजोगता वारा मिळत नाही, तशीच ही अडचण आहे. मिडीची साधी सूचना ० ते १२७ एवढेच आकडे सांगू शकते. दहा सेंटिमीटरच्या पट्टीला १२८ पायऱ्या दिल्या तर एक पायरी पाऊण मिलिमीटरहून थोडी मोठी होते. पट्टीच्या वरच्या भागात, जिथे सामान्य काम चालते, ती पायरी कानाला कळत नाही. पण पट्टीची वाटणी सारखी नसते: वरच्या भागात काही मिलिमीटरला एक डेसिबल, म्हणजे आवाजाच्या पातळीच्या मापातला एक भाग, इतकी निवांत चाल असते, आणि तळाशी तेवढ्याच जागेत अनेक डेसिबल संपून जातात. त्यामुळे आरतीच्या शेवटी आवाज हळूहळू विझवताना अखेरच्या क्षणी पायऱ्या जाणवू शकतात. म्हणून मॅकी कंट्रोलमध्ये पट्टीसाठी पिच बेंड नावाची सूचना वापरतात, जिच्यात १६,३८४ आकडे मावतात; यंत्रे प्रत्यक्षात त्यातल्या सुमारे १,०२४ पायऱ्या वापरतात आणि तेवढ्या पुरतात. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये याहून कितीतरी बारीक पायऱ्या आहेत, परंतु त्यासाठी आजचे यंत्र टाकून देण्याचे काही कारण नाही.

हार्मोनियम बेसूर का झाली?

पिच बेंड हे नाव पुढच्या फजितीचे मूळ आहे, आणि ती माझीच आहे. पिच बेंड म्हणजे मुळात सूर वाकवण्याची सूचना. कीबोर्डच्या डाव्या बाजूला असलेले चाक तीच सूचना पाठवते. एका भजनासाठी मी संगणकातल्या हार्मोनियमची साथ वाजवून ठेवत होतो. गायक काळी एकमध्ये गात होता. मध्येच त्याचा आवाज थोडा वाढवावा म्हणून मी पहिली पट्टी उचलली, आणि हार्मोनियम घसरत घसरत पांढरी दोनमध्ये जाऊन बसली. पट्टी खाली आणली तर तीही खाली उतरली. गायकाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी नकळत माफी मागितली. पुढचा अर्धा तास मी वाद्याच्या सेटिंगमध्ये शोध घेतला; दोष तिथे नव्हताच.

झाले असे होते की हार्मोनियमचा ट्रॅक संगणकाला जोडलेल्या सर्व मिडी यंत्रांचे ऐकेल, असे मी ठेवले होते. त्यात कंट्रोल सरफेसही आले. मी पट्टी हलवली तेव्हा सॉफ्टवेअरने ती पातळीची सूचना म्हणून बरोबर घेतली, आणि हार्मोनियमने तीच सूर वाकवण्याची आज्ञा म्हणून तितक्याच निष्ठेने पाळली. पट्टी मध्यावर असेल तर सूर जागेवर राहतो. ती तीन-चतुर्थांश उंचीवर, म्हणजे नेहमीच्या कामाच्या जागी गेली की सूर बरोबर एका अर्धस्वराने (काळी एकवरून पांढरी दोनवर) चढतो, कारण बहुतेक वाद्यांत पूर्ण बेंड दोन अर्धस्वरांचा असतो. उपाय सोपा आहे. वाद्याच्या ट्रॅकला फक्त कीबोर्डचे ऐकायला सांगावे आणि सर्व यंत्रांच्या यादीतून कंट्रोल सरफेसचे नाव काढून टाकावे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तशी खूण करण्याची जागा असते.

जोडणीतली दुसरी नेहमीची चूक याच्या उलट आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कंट्रोल सरफेस निवडताना येणारी वाट आणि जाणारी वाट, अशा दोन जागा भराव्या लागतात. घाईत पहिलीच भरली जाते. मग पट्टी हलवली की पडद्यावरची पट्टी हलते, पण पडद्यावर हलवली की हातातली ढिम्म राहते, आणि मोटर बिघडल्याची ओरड सुरू होते. एचयूआय वापरत असाल तर लक्षण थोडे वेगळे दिसते: तिथे सॉफ्टवेअर साधारण दर सेकंदाला यंत्राला हाक मारते, आणि ओ न मिळाल्यास यंत्र नाहीच असे समजते.

हाताची हालचाल साठवणे

त्या दिवशी काकांनी पाहिलेल्या पट्ट्या माझ्याच हाताच्या आठवणीने सरकत होत्या. मिसळताना पट्टीची प्रत्येक हालचाल गाण्याच्या वेळेनुसार साठवता येते. याला ऑटोमेशन म्हणतात. ते साठवण्याच्या चार पद्धती आहेत, आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे सर्वाधिक काम वाया जाते.

रीड या पद्धतीत साठवलेले फक्त वाजते. टचमध्ये बोट पट्टीवर असेपर्यंत नवी हालचाल साठते आणि बोट उचलताच पट्टी आधीच्या रेषेवर परतते. स्पर्श ओळखणाऱ्या टोपीचा खरा उपयोग इथे आहे, आणि आरतीतल्या एका झणत्काराला क्षणभर दाबण्यासाठी हीच पद्धत नेमकी आहे. लॅचमध्ये बोट उचलले तरी पट्टी सोडली त्याच जागी राहते आणि तीच पातळी पुढे साठत जाते. शेवटच्या कडव्यापासून घुमट कायमचे वर ठेवायचे असेल तर ती वापरावी. चौथी राइट. तिच्यात प्लेचे बटण दाबल्या क्षणापासून जुने सर्व पुसले जाते आणि पट्टी असेल तिथली पातळी साठते, हात लावा अथवा न लावा. राइट पद्धत चालू ठेवून सहज म्हणून गाणे एकदा ऐकले, तर दोन तासांचे काम चार मिनिटांत पुसले जाते. मी तिच्याकडे फिरकतच नाही. टच आणि लॅच यांवर माझे सगळे भागते.

याने आवाज चांगला होतो का?

नाही. यंत्रातून आवाज जातच नसल्यामुळे तो गोड, उबदार किंवा स्पष्ट होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि विक्रेता तसे म्हणत असेल तर त्याला वस्तू कळलेली नाही. खोलीत घुमटाचा आवाज भिंतींवर आपटून गढूळ होत असेल, तर पैसे आधी खोलीवर आणि मायक्रोफोनवर खर्च करावेत. पट्ट्या त्यानंतर.

मोबाइल किंवा टॅबलेट वापरून हेच काम करता येते का, असेही विचारले जाते. करता येते, लॉजिकसाठी आयपॅडवर चालणारे मोफत ॲप आहे आणि इतरांसाठीही तशी साधने मिळतात. एकट्याने मुद्रण करताना ती उत्तम. मिसळणीसाठी मात्र काचेवर बोट ठेवले की पट्टी कुठे आहे हे बोटाला कळत नाही, पुन्हा पाहावे लागते, आणि डोळे मिटून ऐकण्याचा सगळा लाभ तिथे संपतो.

दमट हवा आणि जाणारी वीज

गोव्यात हे यंत्र ठेवणाऱ्याने दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली हवा. फेडरच्या फटीतून धूळ आत जाते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि किनाऱ्याजवळ खारी हवा धातूला खाते. पट्टी मध्येच अडखळू लागते किंवा जागेवर पोहोचूनही थरथरत राहते. काम संपले की यंत्रावर कापड टाकावे, आणि पावसाळ्यात महिना महिना बंद ठेवू नये. थरथर सुरू झाली तर आधी यंत्रातली पट्ट्या पुन्हा जुळवण्याची सोय वापरावी. शिलाई मशीनचे तेल किंवा गंज काढायचा फवारा फटीत मारण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ते तेल धुळीला धरून ठेवते. फेडरसाठी वेगळा क्लीनर मिळतो आणि तोही मोजकाच वापरायचा असतो.

दुसरी गोष्ट वीज. नऊ मोटरा एकदम धावल्या की संगणकाच्या यूएसबीची ताकद अपुरी पडू शकते. म्हणून मोठ्या यंत्रांना स्वतंत्र अॅडॅप्टर असतो, आणि तो संगणकाबरोबर यूपीएसवर नसेल, तर वीज गेल्यावर गाणे वाजत राहते आणि पट्ट्या मेल्यासारख्या पडून राहतात. वीज परतल्यावर यंत्र पट्ट्या वर-खाली नेऊन स्वतःची तपासणी करते, पण सॉफ्टवेअरला ते परत आल्याचे अनेकदा कळत नाही. तेव्हा फाइल जतन करून सॉफ्टवेअर बंद करावे, यंत्र चालू आहे याची खात्री करावी आणि मगच सॉफ्टवेअर पुन्हा उघडावे. रोजही हाच क्रम ठेवावा: आधी यंत्र, मग सॉफ्टवेअर. फाइल उघडली की पहिल्या पट्टीपासून नवव्यापर्यंत खडखड करत सगळ्या पट्ट्या आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि त्या बसल्या की जोडणीच्या दोन्ही वाटा शाबूत आहेत असे समजून कामाला लागावे.